तैलचित्राची किंमत कुणाकडून काढावी: लिलावगृह की स्वतंत्र मूल्यांकनकार?

मैत्रिणीकडे तांब्या आणि पेरूंचं एक स्थिरचित्र आहे, आठ वर्षांपूर्वी मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातून घेतलेलं. चित्रकाराचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. किंमत लिलावगृहाला विचारावी की स्वतंत्र मूल्यांकनकाराला, यावर ती अडली आहे.

खर्चाचं सोपं आहे. लिलावगृहं फोटोवरून प्राथमिक अंदाज सहसा फुकट देतात, मूल्यांकनकार फी घेतो. ती ठरावीक असावी. चित्राच्या किमतीच्या टक्क्यांत मागितली तर सरळ नकार द्या.

खरी मेख आकड्याच्या अर्थात आहे. लिलावाचा अंदाज मागच्या विक्रीवर उभा असतो. या चित्रकाराचं काम लिलावात कधी आलंच नसेल, तर "आमच्याकडे घेता येणार नाही" एवढंच उत्तर येऊ शकतं. त्यावरून चित्र वाईट ठरत नाही! मूल्यांकनकार मात्र चित्रकाराच्या प्रदर्शनांतल्या किमती, आकार, रंगाला गेलेले तडे, सही, चित्राच्या मागच्या बाजूचा मजकूर, पावती हे सगळं पाहून लेखी अहवाल देतो. विम्यासाठीचा आकडा त्यासारखं दुसरं चित्र विकत घ्यायला लागणाऱ्या रकमेचा असतो, विकून हाती येणाऱ्या रकमेपेक्षा बहुधा मोठा. दोन्हींची गल्लत करू नका.

फोटो आणि मापं दोन्हीकडे लागतातच.

विकायचं असेल तर आधी लिलावगृह, नकार आला तर त्या चित्रकाराची चित्रं ठेवणारी गॅलरी. विमा किंवा वाटणीसाठी कागद हवा असेल तर मूल्यांकनकारच. आयकरासाठी तो नोंदणीकृत हवा. मैत्रिणीला विमा उतरवायचा आहे, म्हणून तिला मी मूल्यांकनकाराकडेच पाठवलं.