इथियोपियन एअरलाइन्स: काही महिन्यांच्या प्रवासानंतरचा अनुभव

कंपनीने युगांडा-टांझानियाचं काम माझ्याकडे सोपवल्यापासून मुंबई–आदिस अबाबा–एंटेबे हा माझा नेहमीचा मार्ग झाला आहे. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात: "सुरक्षित आहे का हो ती इथियोपियन एअरलाइन्स?" 2019 चा अपघात सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सोयीचं. मुंबईहून निघालं की पाच-सहा तासांत आदिस. बोले विमानतळ जवळपास 2,300 मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही बरंच वर. ट्रान्झिट रात्रीचं असेल तर हाताशी स्वेटर ठेवा. इथे हवा विरळ असल्याने उड्डाणाआधी विमान धावपट्टीवर जास्त वेळ धावतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शाकाहारी माणसांनी आदिसमध्ये मुक्काम पडला तर 'उपवासाचं' जेवण मागावं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. आंबोळीसारखा आंबूस इंजेरा आणि त्यावर मसूर, पिठल्यासारखं शिरो, भाज्या असं पोटभर ताट येतं.

आता मुख्य प्रश्न. ही कंपनी 1945 साली सम्राट हैले सेलासीच्या काळात अमेरिकेच्या टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या मदतीने उभी राहिली. एप्रिल 1946 मध्ये पहिलं विमान अस्मारामार्गे कैरोला गेलं. 1974 ला सम्राटांना पदावरून हटवलं गेलं आणि लष्करी राजवट आली. ती सोव्हिएत गोटातली, तरीही कंपनीने 1984 मध्ये अमेरिकी बोइंग 767 घेतलं. शेजारची ईस्ट आफ्रिकन एअरवेज 1977 ला बंद पडली, एअर आफ्रिक 2002 ला, नायजेरिया एअरवेज 2003 ला. मालकी सरकारची असूनही ही टिकली, वाढली आणि 2012 मध्ये आफ्रिकेतलं पहिलं बोइंग 787 ड्रीमलायनर हिनेच आणलं. वैमानिक आणि तंत्रज्ञ ती आदिसमधल्या स्वतःच्या प्रशिक्षण संस्थेत तयार करते. मला वाटतं, टिकण्याचं खरं कारण तेच आहे.

अपघातांचा नुसता आकडा पाहून काही कळत नाही. प्रत्येकाचं कारण पाहावं लागतं. 1988 मध्ये इथिओपियातल्या बहिर दारहून उडताना बोइंग 737 च्या दोन्ही इंजिनांत पारवे शिरले आणि 104 पैकी 35 जण दगावले.

23 नोव्हेंबर 1996 ची फ्लाइट 961 तर आपल्याला जवळची आहे, कारण ती सेवा मुंबईहूनच सुटायची. आदिसहून नैरोबीकडे निघाल्यावर तिघांनी विमान ताब्यात घेतलं आणि ऑस्ट्रेलियाला नेण्याचा हुकूम सोडला. तेवढं इंधनच नाही, हे कॅप्टन लेउल अबाते यांनी परोपरीने सांगितलं, पण अपहरणकर्त्यांनी ऐकलं नाही. अबाते यांचं विमान पळवलं जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. आफ्रिकेचा किनारा धरून उडत शेवटी त्यांनी विमान कोमोरोसकडे वळवलं. इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ग्रांद कोमोर बेटावरच्या एका हॉटेलसमोर त्यांना ते समुद्रात उतरवावं लागलं. डावा पंख आधी पाण्याला लागला आणि विमान फुटलं. 175 पैकी 50 जण वाचले. अनेकांनी केबिनमध्येच लाइफ जॅकेट फुगवली होती. पाणी आत शिरल्यावर ती माणसं छताकडे ढकलली गेली आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही. जॅकेट दाराबाहेर पडतानाच फुगवायचं, ही सूचना त्या माणसांमुळे मी आता दर वेळी नीट ऐकतो. तुम्हीही ऐका.

2019 च्या फ्लाइट 302 चं मूळ बोइंगकडे जातं. 10 मार्चला उड्डाणानंतर सहा मिनिटांत 737 मॅक्स बिशोफ्तूजवळ कोसळलं आणि 157 जण गेले, त्यात चार भारतीय होते. एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून एमकॅस ही स्वयंचलित प्रणाली विमानाचं नाक पुन्हापुन्हा खाली दाबत राहिली. साडेचार महिन्यांपूर्वी इंडोनेशियात लायन एअरच्या मॅक्समध्ये हेच घडलं होतं आणि 189 जण मेले होते. तेव्हाच ती विमानं जमिनीवर ठेवली असती तर हे 157 जण आज असते. याचा मला आजही संताप येतो. 2021 मध्ये बोइंगने न्यायालयात मृतांच्या भरपाईची जबाबदारी मान्य केली. वैमानिकांच्या हाताळणीची चर्चा इथिओपियाच्या अंतिम अहवालात अपुरी आहे, असा आक्षेप अमेरिकेच्या तपास यंत्रणेने घेतला, तेही नमूद करायला हवं.

मला खरी टोचते ती 2010 ची बैरूतची घटना. रात्री, वादळी हवेत उडालेलं 737 काही मिनिटांत समुद्रात पडलं आणि 90 जण गेले. लेबनॉनच्या तपासाने वेग, उंची आणि दिशा वैमानिकांच्या हातून सुटल्याचं म्हटलं. कंपनीने ते नाकारून स्फोटाची शक्यता पुढे केली, पण तपासात त्याला आधार मिळाला नाही. इथे कंपनीने चूक स्वीकारायला हवी होती. ऑगस्ट 2022 मध्ये खार्टूमहून आलेल्या विमानाचा नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला आणि ते न उतरता आदिसच्या धावपट्टीवरून हवेतच पुढे गेलं. वैमानिक झोपले होते अशा बातम्या होत्या. विमान नंतर सुखरूप उतरलं, तरी वैमानिकांच्या थकव्याचा मुद्दा क्षुल्लक नाही.

हे सगळं माहीत असूनही मी याच कंपनीचं तिकीट काढतो, घरच्यांचंही काढेन. मॅक्स विमानं तिने फेब्रुवारी 2022 पासून पुन्हा वापरात आणली आहेत. ज्यांना त्यात बसायचं नाही, त्यांनी बुकिंग करताना विमानाचा प्रकार पाहून घ्यावा आणि ऐन वेळी विमान बदलू शकतं हेही लक्षात ठेवावं.