लाईट गेल्यावर फिशटँक: इन्व्हर्टर की चार्जिंगचा एअर पंप?

थंड प्रदेशातले लोक बॅकअप म्हटलं की हीटरची काळजी करतात. आपल्या जळगाव-भुसावळकडे सगळी भीती मे महिन्याची. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. म्हणजे लाईट जाते तेव्हा माशांची शिल्लक आधीच कमी असते.

मी दोन्ही वापरून पाहिलंय.

घरात इन्व्हर्टर असेल तर टँकचा बोर्ड त्यावर घेणं सोपं. मोठा फायदा असा की नुसती हवा नाही, फिल्टरही चालू राहतो. फिल्टरच्या स्पंजात पाणी स्वच्छ ठेवणारे जीवाणू असतात, त्यांनाही ऑक्सिजन लागतो. तासन् तास पाणी थांबलं तर ते मरायला लागतात आणि लाईट आल्यावर फिल्टरमधलं सडकं पाणी टँकमध्ये येतं. स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर माझा पंप घरघरायचा, पण तेवढं चालून जातं.

माझं अडलं ते पंख्यापाशी. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झालं की रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, सोबत खांबही पडतात आणि रात्रभर लाईट येत नाही. तशाच एका रात्री अडीच वाजता इन्व्हर्टर बीप करू लागला. एअर पंप खातो चार-पाच वॅट, छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर. पंखे बंद केले असते तर मासे सकाळपर्यंत सहज निभावले असते. आईचा नुकताच डोळा लागला होता. मी बटणाला हात लावला तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, "राहू दे ना रे पंखा." राहू दिला. थोड्या वेळानं सगळंच बंद पडलं. उजाडेपर्यंत मी तांब्यानं टँकमधलंच पाणी वरून ओतत बसलो. गोल्डफिश वर येऊन हवा गिळत होते. दोन गेले.

चार्जिंगच्या पंपाची बॅटरी त्याची एकट्याची. तिच्यात पंखा, टीव्ही, मोबाईल कुणी वाटेकरी नाही. लाईट गेली की आपोआप सुरू होणाराच घ्या. दुपारी घरी कोणी नसतं. नळीला एअर स्टोनऐवजी (बुडबुडे काढणाऱ्या दगडाऐवजी) स्पंज फिल्टर जोडला तर जीवाणूंचंही बऱ्यापैकी भागतं. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर तो थांबल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं.

खोट आहेच. उन्हाळ्यात ही बॅटरी लवकर म्हातारी होते. खोक्यावर लिहिलेल्या तासांवर मी जात नाही; दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी प्लग काढून घड्याळ लावून बघतो.

चार फुटी टँक, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्याचा फिल्टर) आणि हाताशी मोठा साइन वेव्ह (घरच्या लाईटसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर असेल, तर कदाचित तुमचं गणित वेगळं निघेल. दोन-अडीच फुटी टँकसाठी मात्र मी आधी पंपच घ्या म्हणेन. आणि काहीही घेतलं तरी लाईट येईपर्यंत खाणं टाकू नका. पोट भरलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.