पणजीच्या पाटोवरच्या काचेच्या ऑफिसला ऊन अडवायला काय लावावं: फिल्म, दुहेरी काच की बाहेरच्या पट्ट्या?

पणजीत ऊन कुठून येतं ते आधी पाहा, कोटेशनं नंतर मागवा. बाहेर 33 अंश आणि आत 24 असताना साध्या 6 मिमी काचेतून, नुसत्या तापमानाच्या फरकाने, चौरस मीटरला जेमतेम 50 वॅट उष्णता येते. पश्चिमेच्या काचेवर दुपारी चारला 500 वॅट ऊन पडत असेल, तर त्यातलं सुमारे 400 आत शिरतं. खरा खर्च उन्हाचा आहे.

फिल्म सर्वांत स्वस्त, सुट्टीच्या दोन दिवसांत लागते. पण काळी फिल्म उष्णता शोषते; अर्धी काच सावलीत, अर्धी उन्हात असली की साधी, टफन न केलेली (तापवून कणखर न केलेली) काच कडेपासून तडकते. लावायचीच तर परावर्तक घ्या.

दुहेरी काचेतल्या पोकळीचं कौतुक विक्रेते फार करतात. इथे तिच्यामुळे त्या 50 पैकी पंचवीसेक वॅट वाचतील; बाकीचं काम लो-ई लेपाचं, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या पातळ थराचं. म्हणून एसएचजीसी, म्हणजे उन्हातल्या उष्णतेचा आत येणारा हिस्सा, 0.27 किंवा कमी आहे का ते विचारा. ईसीबीसी 2017 या इमारतींच्या ऊर्जाबचत संहितेची मर्यादा तीच आहे. उत्तरेच्या काचेला 15 अंश अक्षांशापासून वर 0.50 चालतो, पणजीला ही सवलत मिळते, गोव्याच्या दक्षिण टोकाच्या पोळे गावाला नाही! कडेचं सील गेलं की दोन काचांमध्ये धुकं धरतं, मग अख्खं युनिट बदलावं लागतं. चौकटही तपासा. न्यूयॉर्कच्या लिव्हर हाउसमध्ये (1952) पाणी मुरून आतलं पोलाद गंजलं, फुगलं, काचा फुटल्या. शेवटी सगळी काचभिंत बदलावी लागली.

आमचा कौल बाहेरच्या पट्ट्यांना, म्हणजे काचेबाहेर बसवून ऊन अडवणाऱ्या फळ्यांना. दक्षिण गोलार्धातल्या रिओच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत (1945) उन्हाच्या उत्तर बाजूला हलत्या आडव्या पट्ट्या आहेत, दुसरी बाजू सरळ काचेची. आपल्याकडे ती उन्हाची बाजू दक्षिण. डिसेंबरात भर दुपारी सूर्य 51 अंशांवर असतो, म्हणजे दीड मीटर उंच खिडकीला 1.2 मीटरचा एक छज्जा किंवा 60 सेंमीच्या दोन पट्ट्या हव्यात. पश्चिमेला आडव्या पट्ट्या वाया; सूर्य खाली उतरलेला असतो, ऊन जवळपास आडवं येतं, तिथे उभ्या, तिरप्या लावा. हलत्या नकोत, खाऱ्या हवेत त्यांचे सांधे जाम होतात. अ‍ॅल्युमिनियमला 25 मायक्रॉन अ‍ॅनोडायझिंग (संरक्षक ऑक्साइडचा थर), बोल्ट एसएस 316 या स्टेनलेस स्टीलचे, आणि पोलादी ब्रॅकेट व अ‍ॅल्युमिनियम यांच्यात नायलॉनचा वॉशर. तो विसरला की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. काच पुसायला माणूस शिरेल एवढी, 60 सेंमी, जागा सोडा.

दुहेरी काच चौकटी बदलायच्या वेळीच घ्या. एसीचा टनेज मात्र पट्ट्या लागल्यावर नव्याने काढा. जुना मोठा एसी खोली झटपट गार करून बंद पडतो, दमटपणा तसाच राहतो, आणि जुलैत फायलींना बुरशी धरते.