काजू कारखान्यात बिलिंग अ‍ॅप आणि साउंडबॉक्स: एक हंगाम वापरल्यावर

वेंगुर्ल्यात आमचा छोटा काजू कारखाना, आणि पुढे रस्त्याला लागून दुकान. बीचा हंगाम सुरू होताना मोबाईलवरचं बिलिंग अ‍ॅप आणि यूपीआयचा साउंडबॉक्स एकदमच घेतला. आता गणपती उलटले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

साउंडबॉक्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. महिन्याचं भाडं कापलं जातं, पण काउंटरवरच्या बाबांना मोबाईल उघडावा लागत नाही. “आवाज इलो मां, मग बघूचा कित्याक?” स्क्रीनशॉट दाखवून माल नेणंही बंद झालं. पावसात रेंज गेली की पेटी मुकी होते आणि गिऱ्हाईक ताटकळतं, तेवढाच त्रास.

अ‍ॅपवर विक्रीचं बिल झकास होतं. अख्ख्या गराच्या डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 या प्रती, पाकळी, तुकडा असे आयटम एकदा भरले की झालं. रेंज नसली तरी बिल निघतं, रेंज आली की मुंबईच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातं.

अडतं ते खरेदीला. शेतकऱ्याकडून न सोललेली बी घेतली की त्यावरचा 5 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आम्हीच भरायचा असतो. अ‍ॅप मात्र शेतकऱ्याचा जीएसटी नंबर मागत बसतं! कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, पार्टीला रजिस्ट्रेशन करायला सांगा. शेवटी आमच्या अकाउंटंटनेच सेटिंगमध्ये खोल दडलेलं बटण शोधलं.

स्टॉकचं तर विचारू नका. अ‍ॅपच्या लेखी जे घेतलं तेच विकायचं. इथे बी उन्हात वाळली की वजन उतरतं. 100 किलो फोडली तर गर पाव हिश्शाच्या आसपास, बऱ्याचदा कमीच. त्यात अख्खा किती नि पाकळी किती, हे बीवर आणि फोडणाऱ्या बायकांच्या हातावर. वेंगुर्ला-7 या कलमी जातीचा गर मोठा, गावठी बीचा बारीक. ‘उत्पादन’ची सोय महागड्या प्लॅनमध्ये आहे, पण तिथे प्रमाण आधीच ठरवून टाकावं लागतं. ते कोण ठरवणार? म्हणून कारखान्याचा हिशोब वहीतच ठेवलाय. संध्याकाळी ग्रेडिंग झालं की तयार माल तेवढा अ‍ॅपमध्ये चढवतो, आणि दुकानाचा स्टॉक बरोबर जुळतो.

पुढच्या वर्षी स्वस्तातलाच प्लॅन घेणार. नुसतं दुकान असेल तर डोळे झाकून घ्या. बी फोडणाऱ्यांनी ट्रायलमध्ये आधी एक शेतकरी-खरेदी टाकून बघा, मगच वर्षाचे पैसे भरा.