नऊशेची बाटली आणि नेलपॉलिशची रेघ

वडिलांची ८६ सालची पद्मिनी मी अजून चालवतो. मागच्या वर्षी ट्यूनिंग करून आणली आणि कात्रजच्या चढावर इंजिन खडखडायला लागलं, डब्यात खिळे हलवावेत तसं. गॅरेजवाला म्हणाला, "काका, २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, तेव्हापासून या गाड्यांची हीच बोंब. शंभर ऑक्टेनचं भरा, नाहीतर ही ऑक्टेन वाढवायची बाटली टाका." बाटली नऊशेची. त्याने ती टाकीत ओतली, "जरा प्लग बघतो" म्हणून बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत गाडी गप्प. मी खूश!

पुढच्या सर्व्हिसिंगनंतर पुन्हा खडखड, पुन्हा बाटली. असं चारदा. एकदा बाटली घरी आणून मीच ओतली, तर ढिम्म फरक नाही. "नीट मिसळलं नसेल," म्हणे. (टाकीत पळी घालून ढवळायचं होतं की काय?)

मग मुलीचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि गाडी देण्याआधी डिस्ट्रिब्युटरपासून (प्लगना ठिणगी वाटणारा भाग; तो फिरवला की ठिणगीची वेळ बदलते) इंजिनच्या ब्लॉकपर्यंत एक सरळ रेघ ओढून ठेवली. गाडी परत आली ती खडखडतच. बॉनेट उघडून पाहतो तर रेघ तुटलेली, दोन टोकांत तीनेक मिलिमीटरची फट. बाटली ओतून, 'प्लग बघून' झाल्यावर रेघ परत जुळलेली! सर्व्हिसिंगला टायमिंग ॲडव्हान्स करून ठेवायचं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडून इंजिन खडखडतं, बाटली विकली की गुपचूप मागे घ्यायचं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच दाबाने पेट्रोल आपोआप पेटू नये, एवढंच त्याचं काम. पद्मिनीचं कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवा किती पट दाबली जाते ते, आठाच्या आसपास. आजच्या दहा-अकरावाल्या कितीतरी गाड्या साध्या पेट्रोलवर धावतात, मग हिला शंभर कशाला? तुमची जुनी गाडी खडखडली तर आधी टायमिंग तपासून घ्या, तेही समोर उभं राहून. खरी धास्ती आहे ती पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलची. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) त्याने खराब होतात. त्याबद्दल हा पठ्ठ्या चकार शब्द बोलला नव्हता.

एक बाटली उरली होती. फडक्यावर ओतली तर चक्क रॉकेलचा वास, आणि रॉकेलने ऑक्टेन उलट घटतं. मुलीच्या सायकलची चेन मात्र त्याने लख्ख निघाली.