गॅसचा स्टोव्ह की स्पिरिटचा?

संगीत महोत्सवाच्या तळावर तंबू एकमेकांना खेटून असतात, म्हणून मी ठामपणे गॅसच्या बाजूने आहे. व्हॉल्व्ह फिरवला की ज्योत तिथल्या तिथे विझते. कोरड्या हंगामात लाकडं पेटवायला बंदी असतानाही बऱ्याच ठिकाणी अशा स्टोव्हला परवानगी मिळते, ती यामुळेच.

स्पिरिटचा स्टोव्ह हलका, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. पण उन्हात त्याची निळसर ज्योत जवळजवळ दिसतच नाही. विझला समजून कुणी पुन्हा स्पिरिट ओतलं, तर हातातली बाटलीच पेट घेऊ शकते. लवंडला, तर जळतं इंधन गवतावर पसरतं. कडाक्याच्या थंडीत गॅसच्या डब्यातला ब्युटेन जेमतेम पेटतो; तेवढी अडचण मला चालेल.

तंबूच्या आत मात्र दोन्ही नकोत. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.