शिवणवर्गातला कॉलर माईक: बाईंनी स्वतःचा तास ऐकावा म्हणून

प्रौढांना शिकवणाऱ्या माणसाने कुठली वस्तू विकत घ्यावी, असं मला कुणी विचारलं तर फळा, प्रोजेक्टर, पुस्तकं यांच्याही आधी मी कॉलर माईकचं नाव घेईन. यूट्यूबवाले छातीशी चिमट्याने लावतात ना, तोच. मुंबईत काळाचौकीला आमच्या महिला मंडळाचे शिवणवर्ग चालतात आणि नव्या शिक्षिकांना तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठीच हा माईक आणला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकाच प्रकारचा माल दहा नावांनी मिळतो, हजार-बाराशेच्या आसपास.

आधी, तो लागला कशाला हे सांगते. आयटीआयच्या निदेशकांसाठी सरकारचा एक वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम असतो. सायनजवळच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो चालतो आणि कसबाबरोबर ते शिकवायचं कसं, हेही त्यात येतं. चांगला आहे. पण आमच्या शिक्षिका सकाळी डबे करून, दुपारी कपडे शिवून संध्याकाळी वर्ग घेतात. त्यांना वर्षभर बाजूला कसं काढणार? आणि मी मागे खुर्ची टाकून बसले की तासच बदलतो. बाई माझ्याकडे बघून बोलायला लागतात. शिकणाऱ्या तर गप्पच.

म्हणून माईक. जोडमाईकच घ्या, एकेरी घेऊ नका. एक शिक्षिकेच्या ओढणीला लावायचा आणि दुसरा कटिंगच्या टेबलावर, बायकांच्या मधोमध. खरा खजिना त्या दुसऱ्या माईकमध्ये असतो.

ब्लाउज कटिंगचा तास होता. बाई सांगत होत्या, "छातीची चौथाई घ्या, त्यात शिलाईचं मार्जिन मिळवा." पुढे मुंढ्याचा आकार, पुढे टक्स. सगळं बरोबर आणि सुरेख अक्षरात फळ्यावर. "कळलं का?" या प्रश्नाला सगळ्यांचं एका सुरात "हो". आणि टेबलावरच्या माईकमध्ये त्याच क्षणी दबक्या आवाजात, "छत्तीसची चौथाई किती गं?" दुसरी म्हणते, "तिचं बघून कर." मोठी माणसं वर्गात अशीच वागतात. लहान मूल हात वर करून नाही कळलं म्हणेल, पण सून आणलेली बाई भागाकार येत नाही असं चारचौघींत सांगणार नाही. तिच्यासाठी तो अब्रूचा प्रश्न असतो.

शिक्षिकेने ते स्वतः ऐकलं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. पुढच्या तासाला तिने मापाची टेपच हातात घेतली, ३६ इंचांवर धरली, दुमडली, परत दुमडली. आला ९ इंच. भागाकार नाही, पाढा नाही. त्या बायका वर्षानुवर्षं साड्यांच्या घड्या घालतात, चौपदरी घडी त्यांच्या बोटांत आहे. "कळलं का" हा प्रश्नही तिने सोडला. आता ती म्हणते, "काकी, मला करून दाखवा बरं." कोण कुठे अडलंय ते लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या तासांची रेकॉर्डिंग तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत. ३ सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांब झाली आणि गप्प राहणारी मुलं कमी झाली. तो अभ्यास मुलांचा होता, पण आमच्या काळाचौकीच्या हॉलमध्येही मी तेच ऐकते. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला प्रश्न समजून शब्द जुळवायला वेळ लागतो. आमच्या शिक्षिका आता प्रश्न विचारून टेप गुंडाळतात. गुंडाळून होईपर्यंत बोलायचं नाही. ही युक्ती त्यांचीच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, ती हाक मारण्याची. एका तरुण शिक्षिकेला तिचं रेकॉर्डिंग ऐकताना मी पाहिलं. सोसायटीतून येणाऱ्या बाईंना "अहो मॅडम, इथे जरा सैल ठेवा," आणि त्याच वयाच्या, घरकाम करणाऱ्या बाईला "अगं, किती वेळा सांगू तुला." तिचा स्वभाव प्रेमळ आहे, मनात काही नव्हतं. तोंडाला वळण पडलेलं होतं, इतकंच. तिने ऐकलं, मागे घेऊन परत ऐकलं, आणि त्या आठवड्यापासून वर्गात सरसकट "ताई" आणि "अहो" सुरू झालं. हे मी सांगितलं असतं तर तिला लागलं असतं, कदाचित तिने वर्गही सोडला असता.

आता वस्तूबद्दल. आवाज चांगला येतो, पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नॉइज रिडक्शनची सोय आमच्या कामात नडते. मशीनची घरघर कमी होते हे खरं, पण तिच्यासोबत दबका आवाजही पुसला जातो, आणि आम्हाला हवा असतो तो नेमका दबकाच. ते बटण बंद ठेवा. टेबलावरचा माईक थेट लाकडावर ठेवला तर मोटरचा थरथराट येतो. खाली चिंध्यांची घडी ठेवली की काम भागतं. पावसाळ्यात हॉलच्या पत्र्यावर सर आली की मात्र काहीच ऐकू येत नाही. त्या दिवशी रेकॉर्डिंगचा नाद सोडायचा.

हे माईक बिनतारी असतात, त्यांचा आवाज पकडणारा छोटा रिसीव्हर फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसतो, तेव्हा तुमच्या फोनचा पॉइंट टाइप-सी आहे ना, हे घरूनच बघून जा. जाड कव्हर असेल तर तो पूर्ण आत जात नाही आणि फोन गुपचूप स्वतःचाच माईक वापरतो. फ्लाइट मोड लावायचाच, नाहीतर मध्येच घरून फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. जागेची काळजी नको, रेकॉर्डिंगचा दर्जा १२८ केबीपीएसवर ठेवला तर तासाभराला साठेक एमबी पुरतात.

एक अट मी कधीच सैल करत नाही. शिकणाऱ्यांना आधी सांगायचं आणि त्यांचा होकार घ्यायचा. एकीनेही नको म्हटलं तर टेबलावरचा माईक त्या दिवशी डब्यात. शिवताना बायका सासरचं, दुखण्याचं, पैशाचं बोलतात, ते आपल्या कानांसाठी नसतं. रेकॉर्डिंग फक्त ती शिक्षिका ऐकते, मला ऐकवायचं की नाही ते तीच ठरवते, आणि आठवड्याच्या आत ते पुसलं जातं. व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नाही. ज्या संस्थेला हे पाळता येणार नसेल तिने हा माईक घेऊ नये, त्याने शिक्षिकेवर पाळत ठेवली जाईल आणि शिकवणं आणखी बिघडेल.

आणि पूर्ण तास ऐकत बसू नका, कंटाळून सोडून द्याल. मधली दहा मिनिटं ऐका. त्यातून पुढच्या तासाला बदलायची एकच गोष्ट निवडा. आमच्याकडे ती शिक्षिका कटिंगच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते.

बॅटरी दोन तासांचा वर्ग सहज काढते. चिमटा मात्र नाजूक आहे, आमचा एक तुटला आणि आता सेफ्टी पिनेवर चाललाय. खरेदीला ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जा. दुकानदाराला तुमच्याच फोनवर दोन्ही माईक लावून दाखवायला सांगा, एक त्याच्या हातात आणि दुसरा दुकानाच्या दारात ठेवून. लॅमिंग्टन रोडच्या त्या गोंगाटात दाराजवळचं कुजबुजणं ऐकू आलं तरच पैसे काढा, आणि वॉरंटीचा शिक्का मारलेलं बिल मागून घ्या.